भाड्याच्या मधपेट्या घेतल्या टरबुजासाठी : शिरपूरकडचा रिव्ह्यू, फवारणीचं आधी वाचा

पहिलेच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. पेट्या चांगल्या, पेटीवाला माणूस चांगला, करारनामा एकतर्फी. पाचपैकी साडेतीन. टरबूज, खरबूज, काकडी, कांद्याचं बी असलं काही असेल तर बिनधास्त घ्या, केळीवाल्यांनी पैसे घालू नका. आणि घ्यायच्या आधी आपल्या वावराच्या चारही बाजूला कोण काय फवारतं, कधी फवारतं ते विचारून या, कारण भाडं आपण भरतो पण माश्या जगतील का मरतील ते शेजारी ठरवतो.

सर्व्हिसचं नाव टाकत नाही. तालुक्यात आता हे काम करणारे बरेच झालेत, कागद सगळ्यांचा जवळपास सारखाच आहे, मग एकालाच कशाला बदनाम करायचं. ज्याला पेट्या घ्यायच्या त्याने खालच्या गोष्टी विचारून घ्याव्या, कुणाकडूनही घ्या.

तर मिळतं काय. लाकडी पेटी, आत इटालियन म्हणतात त्या मेलिफेरा माश्या, आपली सातेरी नाही. आठ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे पोळं धरणारी चौकट) पेट्या सांगितल्या होत्या आणि खरंच आठही फ्रेमवर माश्या होत्या, मी उघडून दाखवायला लावलं. एका फ्रेमवर दोन्ही बाजू धरून दोन हजाराच्या आसपास माश्या बसतात म्हणे, म्हणजे पेटी किती भरलेली आहे हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही, काही जण पाच फ्रेमवाली पेटी आठच्या भावात लावतात. भाडं पेटीमागे २००० रुपये, फुलोऱ्याच्या महिन्याभरासाठी, आणणं नेणं त्यांच्याकडे. एकराला दोन पेट्या या हिशोबाने पाच एकराला दहा घेतल्या. महाग वाटतं, पण मल्चिंग पेपर, रोपं, ठिबक, विद्राव्य खतं यात जे जातं त्याच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

पेट्या रात्री आणतात. दिवसा आणल्या तर निम्म्या माश्या बाहेर राहून जातात, म्हणून अंधार पडल्यावर तोंडाला जाळी लावून छोटा हत्तीत भरून आणल्या. इथे पेटीवाल्याला पूर्ण मार्क. बांधावर निंबाच्या सावलीत जागा त्याने आधीच दिवसा येऊन बघून ठेवली होती, तोंड पूर्वेला, खाली विटा, स्टँडच्या पायांना जुनं ऑइल म्हणजे मुंग्या चढत नाहीत. एका पसरट टोपल्यात पाणी आणि त्यात गोटे टाकून ठेवायला सांगितलं. मला वाटलं आता हे काय लाड, पण कारण सांगितलं ते पटलं. माशीला पाणी लागतंच, जवळ स्वच्छ पाणी नसलं तर ती जिथे औषधाचा ड्रम कालवतात तिथल्या चिखलातलं पाणी प्यायला जाते आणि तिथेच संपते.

आता टरबुजाला माशी का लागते हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. टरबुजाच्या वेलावर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाखाली बारीक लवदार फळ आधीच असतं. फूल सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, एकच दिवस, दुसरी संधी नाही. तेवढ्या वेळात माशी आठ-दहा वेळा तरी बसून गेली पाहिजे तेव्हा पराग सगळ्या बाजूला नीट पडतात. कमी पडले तर एक तर फळ पिवळं पडून गळतं, नाहीतर एका बाजूने फुगतं आणि दुसरीकडे चपटं राहतं, ती वाकडी फळं व्यापारी बाजूला काढतो आणि मग बांधावर बसून आपणच खा. वाऱ्याने हे काम होत नाही, टरबुजाचा पराग चिकट असतो. केळीचं उलट आहे, केळी परागाशिवायच फळ धरते म्हणून वर म्हटलं की केळीवाल्यांनी, म्हणजे रावेर-यावलकडच्यांनी, या नादी लागू नका.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही लागवडीनंतर वेलावर क्रॉप कव्हर टाकलं होतं, ते पांढरं कापड. ज्यांनी टाकलं नाही त्यांनी पुढच्या वर्षी टाका, फुलकिडे आणि पांढरी माशी आतच जात नाही त्यामुळे सुरुवातीचे बरेच फवारे वाचतात, व्हायरसचं टेन्शनही कमी. मादी फुलं दिसायला लागली की कव्हर काढायचं आणि त्याच सुमारास पेट्या आणायच्या. लवकर आणल्या तर माश्या दुसऱ्याच पिकाची वाट धरतात आणि एकदा लागलेली वाट सोडत नाहीत. हे टायमिंग पेटीवाल्याने फोनवर रोज विचारून नीट सांभाळलं. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे, म्हणजे वासाने फळमाशीचे नर ओढणारे, सापळे लावले होते, त्याचा मधमाशीला त्रास नाही. म्हणजे आमच्या वावरात माशीला धोका असा काही नव्हता.

धोका नाल्यापलीकडे होता.

नाल्यापलीकडे एका जिभाऊंचा रब्बीचा मका आहे. तुऱ्यावर आला होता आणि तुऱ्यावर मावा पडला होता, काळा थर. त्यांनी सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास दोन माणसं लावून फवारा मारला, थायमेथोक्झाम आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिनचं मिक्स येतं ते. दुपारी एकपर्यंत आमच्या पेट्यांपुढे माश्यांचा सडा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, माशी लगेच मरत नाही, पेटीच्या तोंडापर्यंत येते, उतरायची फळी चुकते, खाली पडते, पाठीवर पडून गरगर फिरते, जीभ बाहेर लोंबते, पोटातला रस ओकते, आणि दारावरच्या पहारेकरी माश्या तिला आत घेत नाहीत, ओढून बाहेर टाकतात. या तर घरापर्यंत आलेल्या. कित्येक तर मक्यातच राहिल्या असतील.

जिभाऊंकडे गेलो. भांडायला नाही, वडीलधारा माणूस आहे आणि उन्हाळ्यात त्यांच्याच विहिरीवरून पाणी घेतो आपण. ते म्हणे, "मक्काले माशीनं काय काम? तुन्या माश्या मना वावरमा काबरं येतस?" आणि प्रश्न बरोबर आहे, कारण मक्याला माशीची गरज नाहीच, मका वाऱ्यावर धरतो. पण माशीला मक्याची गरज आहे. तिला पिल्लांना खाऊ घालायला पराग लागतो, आणि मक्याच्या तुऱ्यावर सकाळी पराग नुसता झडत असतो, अशी फुकटची मेजवानी ती सोडत नाही. माशी खाण्यासाठी सहज दोन-तीन किलोमीटर जाते, तिला सातबारा कळत नाही. टरबुजावरून रस आणि मक्यावरून पराग असं तिचं चाललेलं असतं, आणि टरबूजवाला फक्त आपल्याच वावराकडे बघत बसतो. हे पेटी देणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे. त्याने पेटीची जागा बघितली, सावली बघितली, मुंग्या बघितल्या, आजूबाजूला दोन किलोमीटरमध्ये फुलावर आलेलं काय आहे हे विचारलं नाही. माझ्या मते हीच या सर्व्हिसची सगळ्यात मोठी कमी आहे, आणि अर्धा स्टार याचाच कापला.

संध्याकाळी फोन केला तर माणूस तासाभरात हजर, याचे पूर्ण मार्क. एकेक पेटी उघडून बघितली. राण्या शाबूत होत्या, अंडी होती, पण बाहेर जाणाऱ्या माश्या बऱ्याच संपलेल्या. त्याने जे समजावलं ते मला आधी माहीत नव्हतं. कामकरी माशीचं आयुष्यच हंगामात पाच-सहा आठवड्यांचं, त्यातले पहिले तीन आठवडे ती आत काम करते, पिल्लं सांभाळते, पोळं बांधते, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे बाहेर जाते. बाहेरच्या एकदम मेल्या की आतल्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागतं, मग आत पिल्लांकडे बघायला कोणी नाही, पिल्लं उपाशी राहतात, थंडीत गारठतात. म्हणजे एका सकाळच्या फवाऱ्याचा हिशोब पुढे तीन आठवडे चालू राहतो. आणि टरबुजाचा फुलोरा काही तीन आठवडे थांबत नाही. त्याने दोन कमजोर पेट्या बदलून दिल्या, बाकीच्यांना साखरेचा पाक ठेवला, वर काही पैसे मागितले नाहीत.

पण कागदावर काय लिहिलंय? "कीटकनाशकामुळे माश्यांचे नुकसान झाल्यास पेटीची संपूर्ण किंमत शेतकऱ्याकडून वसूल केली जाईल." कुणाच्या फवाऱ्याने ते लिहिलेलंच नाही. आमच्या वेळी त्याने माणुसकी दाखवली म्हणून निभावलं, पण उद्या दुसरा कोणी आला आणि कागद पुढे केला तर शेजाऱ्याच्या पंपाचे पैसे आपण भरणार. एक स्टार इथे गेला. बरं दुसऱ्या बाजूने पण बघा, पेटीवाल्याची तर आख्खी पुंजीच त्या माश्या आहेत, त्यालाही कुणी भरून देत नाही. पीक विम्यात शेजाऱ्याच्या फवाऱ्याने मेलेली माशी कुठल्या रकान्यात बसवणार.

औषधांबद्दल थोडं लांबवतो कारण कृषी केंद्रावर हे कोणी सांगत नाही. डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो लाल, पिवळा, निळा, हिरवा, तो माणसाला आणि जनावराला किती विषारी त्याचा आहे, माशीचा नाही. थायमेथोक्झामवर निळा त्रिकोण असतो, म्हणजे दुकानदार म्हणेल सौम्य आहे, घ्या. माशीसाठी ते जहाल आहे. इमिडाक्लोप्रिडवर पिवळा, आणि ते माशीच्या पोटात काही नॅनोग्रॅम गेलं तरी पुरे, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे दोन्ही आणि क्लोथियानिडीन हे एकाच घरातले, निओनिकोटिनॉइड, किड्याच्या मज्जातंतूवर काम करतात. जास्त गेलं तर माशी मरते, थोडं गेलं तर मरत नाही पण वाट विसरते, परत घरी येतच नाही, आणि पेटीपुढे मेलेल्या माश्या दिसत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. युरोपात या तिघांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला तो मधमाशीपायीच. फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, अ‍ॅसिफेट हे पण माशीचे काळच. त्यामानाने क्लोरँट्रानिलिप्रोल, फ्लोनिकॅमिड ही माशीला बरीच सौम्य आहेत. स्पिनोसॅड ओलं असताना मारतं, वाळल्यावर धोका बराच उतरतो, म्हणजे तिथे वेळ महत्त्वाची. आणि बुरशीनाशकाने माशीला काय होतं असं म्हणून प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलसारखं काही त्याच टाकीत मिसळतात ना, ते एकट्याने फार काही करत नसलं तरी माशीच्या अंगात विष पचवायची जी ताकद असते तीच मोडतं, मग सोबतचं कीटकनाशक माशीला जास्त बाधतं. आपल्याकडे टाकीत तीन-चार औषधं, वरून टॉनिक, वरून स्टिकर असं कालवण केल्याशिवाय फवारा मारल्यासारखं वाटतच नाही.

अजून एक, आणि हे ठिबकवाल्यांनी नीट वाचा. "मी फवारत नाही, ड्रिपमधून सोडतो, माशीचा काय संबंध" हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. मुळातून गेलेलं आंतरप्रवाही औषध झाडात सगळीकडे जातं, पानात जातं तसं फुलाच्या रसात आणि परागातही उतरतं. फुलोऱ्याच्या तोंडावर ड्रिपमधून थायमेथोक्झाम सोडलं तर माशीला ताटातच वाढलं की. कापसाचं बीटी बियाणं रंगीत येतं ते पण कीटकनाशकाच्या प्रक्रियेनेच, तिथे निदान बी लावणं आणि फूल येणं यात बराच वेळ जातो.

कापसाचा विषय निघालाच आहे तर, काही जण विचारतात कापसाला पेट्या लावू का. कापूस बराचसा स्वतःच्या परागावर धरतो, माशी आली तर थोडा फायदा होतो पण आपल्या खान्देशात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुडतुडे, पांढरी माशी, मग बोंडअळी असे एकामागे एक पंप चालू असतात, त्यात पेटीवाला स्वतःच पेटी द्यायला तयार होत नाही. विचारून बघा. आमच्याकडे घरात आबा सांगतात पूर्वी नदीकाठच्या झाडांवर आग्या मोहोळं लोंबायची आणि टरबुजाला भाड्याने माशी आणायची असते हे कोणी स्वप्नातही बोललं नसतं. तेव्हा तीळ, करडई, सूर्यफूल पण होतं, वर्षभर काहीतरी फुललेलं असायचं, आता कापूस आणि मका. सगळा दोष एकट्या औषधाला द्यायचा नाही मला.

संध्याकाळी फवारा हा सल्ला सगळे देतात. पेटीवाल्याने पण दिला, कृषी सहायकाने पण दिला. बरोबरच आहे, टरबुजाचं फूल दुपारनंतर मिटतं, माशी सूर्य मावळायच्या आत घरी जाते, रात्रभरात औषध वाळतं. पण फवारणारा माणूस सकाळी आठला येतो आणि दुपारी दोनला घरी जातो, रोज तेवढ्याचाच ठरलेला असतो. संध्याकाळी पंप पाठीवर घ्यायला सांगितलं की जास्तीचे मागतो, आणि का मागू नये, अंधारात मक्यात साप-विंचू त्यालाच चावणार. जिभाऊंनी सकाळी मारलं ते माशीवर राग होता म्हणून नाही, माणसं सकाळीच मिळाली म्हणून. नंतरच्या फवाऱ्याला आम्ही दोघांनी मिळून वरचे पैसे दिले, डोक्याला लावायचा टॉर्च घेऊन दिला आणि सहानंतर मारून घेतलं. त्यानंतर पेट्यांपुढे सडा पडला नाही. औषध पण बदललं त्यांनी, माव्यासाठी फ्लोनिकॅमिड आणलं, महाग पडलं म्हणून दोन दिवस ऐकवलं मला, पण आणलं.

दिवसाच फवारायचं असेल तर पेट्या बंद ठेवा असंही सांगतात. करता येतं, आदल्या रात्री तोंडाला जाळी लावायची, वरून ओलं गोणपाट टाकायचं. पण आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी जे ऊन असतं त्यात बंद पेटीत माश्या गुदमरून उकडून मरतात, त्यामुळे हा उपाय सकाळपुरता, फार तर अकरापर्यंत, त्यापुढे नाही. आणि औषधाचा ओलावा फुलावर असताना अकराला सोडून तरी काय मिळवलं.

ड्रोनवाले आता आमच्याकडेही येतात. त्यांच्यासाठी एकच विनंती, निघायच्या आधी फोन करा. पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनमध्ये दहा लिटरमध्ये तेवढंच औषध असतं, म्हणजे थेंब बारीक आणि कडक, आणि वारा असला की शेजारच्या फुलोऱ्यावर. पायी फवारणाऱ्याला बांधावरून हाक मारून थांबवता तरी येतं.

फायदा झाला का, हा प्रश्न सगळे विचारणार. खरं सांगायचं तर किती टक्के पेट्यांमुळे आणि किती हवामानामुळे ते वेगळं काढता येत नाही, माश्या पाचही एकरात फिरतात, एक कोपरा माशीविना ठेवून बघता येत नाही. पण वाकडा माल मागच्या वर्षीपेक्षा स्पष्ट कमी निघाला, पहिल्या तोडणीला फळं एकसारख्या साइजची होती आणि व्यापाऱ्याने काट्यावर घासाघीस कमी केली, रमजानचा भाव पण सापडला. फवारा पडला त्या आठवड्यात जी मादी फुलं उमलली त्यांची सेटिंग म्हणजे फळधारणा मात्र पातळ आहे, वेलावर मधे मधे रिकामी पेरं दिसतात, ती जागा कोणीही येऊन बघू शकतो.

मध मिळेल म्हणून कोणी घेत असेल तर विसरा. मध पेटीवाल्याचा, करारात तसं स्पष्ट आहे आणि ते योग्य आहे. आम्हाला त्याने जाताना एक बाटली दिली ती घरचे संपवून बसले.

पेट्या घ्यायच्या असतील तर डिसेंबरातच सांगून ठेवा, फेब्रुवारीत मागाल तर उरलेल्या कमजोर पेट्या मिळतात. पेटी उघडून दाखवायला लावा. जाळी कोण लावणार, बदली पेटी किती तासात देणार ते लिहून घ्या. मी त्याला सांगितलंय की पुढच्या हंगामाच्या कागदात "शेतकऱ्याच्या स्वतःच्या फवारणीमुळे" असे शब्द टाक, आणि पेट्या ठेवायच्या आधी नाल्यापलीकडच्या दोन-चार वावरांत माझ्यासोबत चक्कर मार, कोणाचा मका तुऱ्यावर येणार ते बघू. चक्करला हो म्हणालाय, कागदाचं भावाला विचारून सांगतो म्हणाला. नवीन कागद हातात आला की अर्धा-एक स्टार वाढवून इथेच अपडेट टाकतो.